उतारू बाया सात, माल नाही

मी माहेरची कोपरगावची. मागच्या दाराने निघून दोन गल्ल्या उतरलं की गोदावरी. धुणं नदीवर, भांडी नदीवर, भांडणंसुद्धा नदीवरच. लग्न होऊन कर्जतला आले आणि तिसऱ्याच दिवशी भाबडेपणाने विचारलं, "धुणं घेऊन नदीवर कधी जायचं?" आमचे हे शाळेत मास्तर होते, अडचणीच्या प्रश्नाला हसून बाजूला व्हायची त्यांना सवय. उत्तर वन्संनी दिलं. आडावरचा पोहरा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ही घे नदी. जपून वापर."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. आईवडील गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. घर त्यांच्या शिस्तीने चालायचं. अंघोळीला एक बादली, तीही काठोकाठ नाही. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं गाईला. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, चांगलाच यायचा. वन्संशी भांडायची माझी छाती नव्हती, म्हणून दोन वर्षं मी मनातल्या मनात त्या बादलीशी भांडत होते.

लढाईचे दिवस होते. धान्य रेशनवर, कापड रेशनवर आणि पेट्रोल तर औषधालाही मिळत नव्हतं. आमच्या गावातून मिरजगाववरून आष्टीकडे एक मोटार जायची, तिच्या पाठीला भलं मोठं पिंप जोडलेलं होतं. त्यात कोळसा पेटवून त्याच्या धुरावर ती चालायची. म्हणजे तिच्या मनात असलं तर चालायची. मोटारीच्या मालकाला सगळं गाव चाचा म्हणायचं. मालक तेच, ड्रायव्हर तेच, आणि चढावर उतारूंना खाली उतरवून "लावा जोर" म्हणणारेही तेच.

आष्टी मोगलाईत. कर्जतपासून काही कोसांवर इंग्रजांचा मुलूख संपायचा आणि निजामाचं राज्य लागायचं, त्याला आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. एकदा चाचा आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबले असताना म्हणाले, "वहिनी, तिकडं हद्दीपल्याड एक तळं हाय. दोन्ही काठांवर दोन गावं. पानी असं की डोळं फाटत्याल." 

बस्स. पुढचा महिनाभर मी दुसरं काही बोलले नाही. शेजारच्या चौघींना तयार केलं. किराणा दुकानवाल्या काकूंना तयार केलं, त्या आल्या नाहीत तर गल्लीतल्या बाकीच्यांना कुणी सोडणार नव्हतं. ह्यांनी एकच अट घातली, वन्सं बरोबर असल्या तर जा. वन्सं म्हणाल्या, "सवाष्णींच्या घोळक्यात माझं काय काम?" मी म्हटलं, "भाकऱ्यांची पिशवी कोण धरणार?" आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. तेव्हा मात्र वाटली नाही, कारण त्या यायला कबूल झाल्या.

माघातली थंडी होती. उजाडता उजाडता आम्ही सातजणी मोटारीपाशी जमलो. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता आणि हातात वेताची काठी घेतली होती. नगरच्या छावणीतल्या साहेबांना बदकांच्या शिकारीसाठी त्यांनी या तळ्यावर दोनदा नेलं होतं, तेव्हापासून आपण नुसते ड्रायव्हर नसून जागा दाखवणारे आहोत असं त्यांचं मत झालं होतं. आम्हाला ओळीत उभं करून त्यांनी काठी वर केली.

"आज तुमी माझ्या जबाबदारीवर हाय. एकच सांगनं. येताना मोगलाईतनं धान्याचा दाना आनायचा न्हाई. सवस्त मिळतंय म्हनून पायलीभर ज्वारी कुनी घेतली, तर नाक्यावर माझी मोटार जाईल. घरात सात मान्सं हायेत आन ती समदी हिच्यावर जेवत्यात."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू तर म्हणाल्या, "आमचं स्वतःचं दुकान आहे हो चाचा, आम्ही कशाला आणू?"

हद्दीवर पोचेपर्यंत आम्ही दोनदा मोटार ढकलली होती आणि आमची तोंडं कोळशाने काळी झाली होती. जकातीचा नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, एक चौकी आणि चौकीला लागून जमादाराची दोन खोल्यांची राहती जागा. तिच्या दाराला गोणपाटाचा पडदा. पण चाचांनी आम्हाला आधी चौकीच्या मागे नेलं आणि काठी रोखून म्हणाले, "हे आपलं पयलं ठिकान."

तिथे एक मोटार उभी होती. उभी म्हणजे, चाकं नव्हतीच तिला. टपावर कोंबड्या बसल्या होत्या, बोनेटला शेळी बांधलेली. चाचांच्या ओळखीच्या एका माणसाची ती मोटार. दिवाळीत कुणा उतारूने सीटखाली ज्वारीचं पोतं लपवलं, मालकाला पत्ताही नव्हता, आणि मोटार जप्त झाली ती तिथेच सडत होती. चाचांनी कोंबड्यांना हुसकलं, त्या पुन्हा जाऊन बसल्या. मग आम्ही परत मोटारीपाशी आलो.

दाढी पिकत आलेला जमादार बाहेर आला. त्याने मोटारीत डोकावून पाहिलं, आम्हाला मोजलं, उर्दूत चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीत वाचून दाखवली: "उतारू बाया सात, माल नाही." ती चिठ्ठी चाचांनी टोपीच्या घडीत खोचली आणि बांबू वर गेला.

तळं दिसलं ते एका वळणावर. मी काय सांगू? दोन वर्षं माझ्या छातीवर कुणीतरी हात दाबून धरला होता आणि त्याने तो उचलला, असं झालं. निळं पाणी पार पलीकडच्या टेकडीपर्यंत, अलीकडे बांधाखाली एक गाव, समोरच्या काठावर दुसरं, तिथल्या मशिदीचा आणि देवळाचा पांढरा रंग शेजारी शेजारी पाण्यात पडलेला. मी मोटार थांबायचीही वाट पाहिली नाही. चपला काठावर टाकून लुगडं गुडघ्यापर्यंत भिजेस्तोवर आत गेले. काकू ओरडत होत्या, "अगं, पडशील!" पडले असते तरी मला चाललं असतं.

चाचांची माहिती सुरू झाली होती. पाणी किती खोल, असं एकीने विचारलं तर म्हणाले, "सात पुरुष." बांधाच्या मधोमध गेल्यावर दुसरीने विचारलं तर दहा पुरुष झालं. काकूंनी मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा चाचा जराही न अडखळता म्हणाले, "ते पावसाळ्यावर हाय." आम्ही इतक्या हसलो की बदकांचा थवा उडाला.

वन्संचं मला मागाहून लक्षात आलं. त्या बांधाच्या पायऱ्यांवर एकट्या बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. ओंजळ भरायची, वर उचलायची आणि सोडून द्यायची. पुन्हा भरायची, पुन्हा सोडायची. भाजीचं पाणी तुळशीला घालणारी ती बाई पाणी नुसतं सांडत बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "किती गं हे." एवढंच. माझा दोन वर्षांचा राग त्या पायऱ्यांवरच राहिला. तो न्यायला मी पुन्हा कधी गेले नाही.

बांधाखालच्या गावात चाचांच्या ओळखीचं एक शेतकऱ्याचं घर होतं. त्यांनी मळ्यात हुरडा भाजला. खाऊन झाल्यावर घरची बाई कुंकवाचा करंडा आणि सुपात गहू घेऊन आली. परगावच्या सवाष्णी पहिल्यांदा दारी आल्या, ओटी भरल्याशिवाय कशी सोडणार? कापड रेशनवर म्हणून खण नव्हता, खणाच्या जागी सुपारी. आम्ही सहाजणी ओळीने बसलो. वन्सं केव्हा उठल्या कुणाला कळलं नाही. गोठ्यात जाऊन त्या वासराची मान खाजवत उभ्या होत्या. अशा वेळी आपण होऊन उठायची त्यांना इतकी सवय होती, आणि त्यांचं ते उठून जाणं न बघायची आम्हाला.

त्याच गावात शेजारच्या घराने बोलावलं. तिथे गव्हाबरोबर मूठभर तांदूळ. मग होडीतून पलीकडच्या गावाला गेलो. तिथल्या घरात तांदूळ नव्हते, गहूही बेताचेच, पण त्या माउलीने डब्याच्या तळातून काढून आमच्या ओट्या भरल्याच. कमी पडले तिथे ज्वारी घातली. दुपारपर्यंत आमचे पदर असे लोंबायला लागले की चालता येईना. एकीची ओटी होडीत सांडली. पाण्याकडे बघायचं सोडून मी पदराच्या गाठीकडे बघत होते, आणि पाण्यासाठी तर आले होते मी.

कल्पना माझीच. वन्संच्या हातातली मांजरपाटाची पिशवी भाकऱ्या संपल्यामुळे रिकामी होती. मी म्हटलं, "सगळ्यांच्या ओट्या यात ओता. वन्संचे हात मोकळेच आहेत, त्या धरतील. घरी गेल्यावर वाटून घेऊ." चौघींनी लगेच पदर सोडले. काकू कुरकुरल्या, घरी जाईपर्यंत ओटी सोडू नये म्हणाल्या, पण त्यांचाही खांदा दुखत होताच. शेवटी त्यांनीही ओतली. गहू, तांदूळ, ज्वारी, सगळं एक झालं. वन्संनी पिशवीचं तोंड आवळून ती मांडीवर घेतली.

तुम्ही म्हणाल, सकाळी त्या माणसाने एवढं बजावलं होतं, मग सात बायकांपैकी एकीच्याही डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. आमच्या लेखी ते धान्य नव्हतंच. धान्य म्हणजे पोत्यातलं, दुकानातलं, रेशनच्या रांगेतलं. ओटी ती ओटी. चाचा तिकडे मोटारीशी पिंपात कोळसा भरत बसले होते, बायकांच्या हळदीकुंकवात डोकावायची त्यांची रीत नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा नाका आला. आम्ही गाणी म्हणत होतो. जमादाराने चिठ्ठी मागून घेतली, वाकून आत पाहिलं, आम्हाला मोजलं आणि वन्संच्या मांडीवरच्या पिशवीला हात लावला. हाताने दाबून पाहिलं आणि ती उचलून बाहेर नेली. चाचा इंजिनापाशी होते. त्यांनी पिशवीत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मला अजून दिसतो.

"वहिनी, हे काय हाय?"

"ओटी," मी म्हटलं.

"ही ओटी? पायलीच्या वर हाय ही!"

जमादार वन्संकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. "बाई, पिशवी तुमच्या हातात हुती. ही तुमची ओटी हाय का?"

वन्सं उत्तर देईनात. देणार काय? कपाळावर कुंकू नाही, हातात बांगडी नाही, अंगावर पांढरं लुगडं. बाकी सहाजणींपैकी कुणाच्याही हातात ती पिशवी असती तर "हो, माझी" म्हणून वेळ मारून नेता आली असती. ज्या एका बाईला ओटी आपली म्हणता येत नव्हती, तिच्याच हातात मी ती दिली होती.

मी पुढे झाले. "आमच्या सहाजणींची आहे. मी ओतायला सांगितली. चूक माझी."

"ओटी असती तर ओटीत दिसली असती," जमादार म्हणाला. "पिशवीत असतो तो माल."

"हितंच ओतून टाकतो," चाचा म्हणाले. "कोंबड्यांना घाला."

"टाकून दिलं म्हंजी माल हुता असं कबूल केल्यावानी हाय. दिवस बुडायच्या आत मोठे साहेब येत्यात. त्यांच्याम्होरं मला दिसलं तेच सांगावं लागतं."

चाचा मोटारीच्या पायरीवर बसले. दिवसभर या माणसाच्या तोंडाला खळ नव्हता, आता ते चौकीमागच्या त्या चाकं नसलेल्या मोटारीकडे बघत नुसते बसून राहिले. मी रडायला लागले. काकू मला दापायला लागल्या आणि मग स्वतःच रडायला लागल्या. मला त्या तळ्याचा राग आला, ओट्या भरणाऱ्या त्या भल्या बायकांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मला दोन घटका मोकळे हात हवे होते, त्यासाठी सात माणसांचं जेवण गेलं होतं.

तेवढ्यात गोणपाटाच्या पडद्यामागून बांगड्यांचा आवाज झाला आणि बाईमाणसाचा हलका आवाज आला. जमादार पडद्याजवळ गेला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, त्याने मान हलवून नाही म्हटलं, पुन्हा बोलणं झालं. मग दाढी खाजवत तो आमच्याकडे आला.

"घरातली म्हनती, पिशवीतला माल ओटीत गेला तर ती ओटीच. जा आत. पर एक सांगतो, सकाळी मी सात बाया लिवल्यात. सातजनी भरल्या ओटीनं भाईर या आन पिशवी रिकामी दाखवा. मी मोजून घेनार."

त्याला वन्संचं कपाळ दिसलं नव्हतं की दिसूनही त्याने सात म्हटलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आत चुलीवर काहीतरी रटरटत होतं. जमादाराची बायको चाळिशीची असेल, हाताला पीठ लागलेलं. तिने हात पुसले, पिशवी घेतली आणि आम्हाला भिंतीशी बसवलं. "माझ्याकडं कुंकू न्हाई," ती म्हणाली, "नुसतं भरते." ओंजळीने ते मिसळलेलं धान्य तिने एकेकीच्या पदरात घातलं. सहावी मी. माझी ओटी भरली तरी पिशवीच्या तळाशी दोन-तीन ओंजळी राहिल्याच.

"सातवी कोन?"

वन्सं सवयीप्रमाणे कधीच उठून चुलीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"त्यांची नाही भरत," काकू खाली बघत म्हणाल्या. "उरलेलं माझ्या पदरात घाला."

"घालीन की. मग त्या मोकळ्या पदरानं भाईर जातील, आन हे मोजत्यात." तिने वन्संकडे नीट पाहिलं. समजली ती. म्हणाली, "माझा पयला गेला तवा मी सतराची हुते. ह्यांनी निकाह केला. हे माझं दुसरं घर हाय, बाई." आणि पिशवीत हात घालून ओंजळ भरून ती तशीच उभी राहिली.

काकूंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता संपलं. बाहेर चाचा खोकले, तो आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. काकूंनी तोंड मिटलं.

वन्सं चुलीकडे बघत होत्या. मी त्यांना हाक मारू शकले नाही. काय म्हणून मारणार होते? दोन वर्षांत त्यांच्याकडून मी पुष्कळ काही मागितलं होतं, पण हे मागायला माझी जीभ उचलेना.

"चाचांची मोटार आहे," वन्सं म्हणाल्या. कुणी जाब विचारायला उभं असावं तशा म्हणाल्या. मग त्या आल्या, आमच्या ओळीत माझ्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. पदर कसा धरायचा तेही त्यांना जमेना. लग्नात भरली असेल तेवढीच, तेही कळत्या वयात नाही. त्यांनी तो बाजारात कापड दाखवतात तसा ताणून धरला होता. जमादाराच्या बायकोने हलकेच त्यांची मनगटं जवळ आणली, पदराचा खोलगा केला आणि एकेक ओंजळ सावकाश घातली. शेवटी पिशवी उलटी करून झटकली.

काकू उठल्या. आपल्या पदराच्या टोकाची सुपारी सोडून त्यांनी वन्संच्या ओटीत टाकली. "नुसत्या धान्याची ओटी नसते," असं काहीतरी पुटपुटल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर पडल्या.

जमादाराने आम्हाला ओळीत उभं करून मोजलं. एक, दोन, तीन. वन्संपाशी आला तसा तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "सात." रिकामी पिशवी उलटी केली, तिच्यातून भाकरीचा चुरा पडला. सकाळच्या चिठ्ठीच्या मागे त्याने काहीतरी लिहिलं आणि चाचांना वाचून दाखवलं. तेच होतं. उतारू बाया सात, माल नाही.

बांबू वर गेला, आम्ही मोटारीत चढलो. चाचांनी पिंपातला कोळसा फुलवायचा पंखा फिरवला, मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली, जन्मात झाली नसेल तशी. मिरजगावची घरं दिसेपर्यंत त्यांनी मोटार कुठे थांबवली नाही. मग एकदम म्हणाले, "त्या तळ्याचं पानी, काकू, ईस पुरुष हाय. आज सांगतो. ईस!" आणि काकू हसल्या, आम्ही सगळ्या हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. सुटलो, सुटलो, असं प्रत्येकीच्या अंगातून वाहत होतं. चाचा हसता हसता टोपीने डोळे पुसत होते. ती मोटार पुढे पुष्कळ वर्षं त्या रस्त्यावर चालली.

वन्संही हसत होत्या. पण खड्ड्यांनी आम्ही उडत होतो, सगळ्यांनी पदराच्या गाठी मारून हात मोकळे केले होते. वन्संनी गाठ मारली नव्हती. दोन्ही हातांनी पदर धरून त्या खिडकीशी बसल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ह्यांनी दार उघडलं, "कशी झाली सहल?" विचारलं. मी म्हटलं, सांगते मग. आत जाऊन माझी ओटी सुपात ओतली, हात झटकले आणि मोठी परात घेऊन वन्संपुढे आले. त्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. पदर तसाच धरलेला.

"घाला यात, वन्सं. हात अवघडले असतील. आता काही नाका नाही इथे."

त्यांनी परातीकडे पाहिलं, मग ओटीकडे.

"राहू दे गं थोडा वेळ," त्या म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परात भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या दिवशीचा स्वयंपाक करायला एकटीच आत गेले.